खाऱ्या पाण्यात मीठ

कुंभकोणम् आणि आसपासच्या गावांत माझं खरं नाव माहीत असलेली माणसं थोडी. ‘उप्पु अक्का’ म्हटलं की मात्र भातगिरणीपासून लॉजपर्यंत सगळे ओळखतात. उप्पु म्हणजे तमिळमध्ये मीठ. मी मीठ विकत नव्हते. पाणी मऊ करायची यंत्रं, ज्यांना सगळे सॉफ्टनर म्हणतात, ती बसवायची, तपासायची आणि बिघडली की त्यांचं पोट साफ करायचं, हे काम मी एकतीस वर्षं केलं. पण दर खेपेस गिऱ्हाइकाला मी एकच प्रश्न विचारायची, “मीठ घातलंत का?” त्यावरून नाव पडलं ते पडलंच.

भाषेबद्दल आधीच सांगते. आमचं घर मराठी, पण तंजावरी मराठी. शेजारीपाजारी तमिळ आणि दार लावलं की मराठी, असं आमचं चालतं. आम्ही बोललो की पुण्याचे पाहुणे माना डोलावतात आणि मग हळूच विचारतात, की हे कुठल्या पोथीतलं. हा लेख माझ्या भाचीनं तपासलाय, ती पुण्यात शिकते. तिनं बहुतेक ठिकाणी ‘मज’ खोडून ‘मला’ केलं. एखादं राहिलं असेल तर मज माफ करा.

आता धंद्याचं. आमच्याकडे पाण्याच्या दोनच जाती, नल्ल तण्णि आणि उप्पु तण्णि. कावेरीचं, नळाचं ते चांगलं पाणी. बोअरचं, ज्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, भांड्यावर पांढरे डाग पडतात, ते खारं पाणी. गंमत अशी की त्या पाण्यात मीठ असेलच असं नाही. बहुतेक वेळा असतो तो चुना, म्हणजे कॅल्शियम. जीभ लावलीत तर धड खारटही लागत नाही. तरी नाव उप्पु तण्णि. भाची म्हणते, महाराष्ट्रात शाळेच्या पुस्तकात त्याला दुष्फेन पाणी म्हणतात. शब्द फार चांगला आहे, पण जिन्यावरून खाली ओरडून सांगायला उपयोगाचा नाही.

तर माझ्या नोकरीतली निम्मी भांडणं या एका शब्दापायी झाली. गिऱ्हाईक म्हणणार, “अक्का, बोअरला खारं पाणी लागलंय, काहीतरी करा.” मी एक उंच निळी टाकी बसवणार, शेजारी एक पिंप ठेवणार आणि सांगणार, की आता या पिंपात महिन्याला एवढी पोती मीठ घाला. समोरचा माणूस माझ्याकडे असा बघायचा की ही बाई शुद्धीवर आहे ना.

त्यांना समजावता समजावता मला जे बोलायची सवय लागली तेच इथे लिहिते. त्या निळ्या टाकीत मधाच्या रंगाचे, मोहरीहून बारीक मणी असतात. आम्ही त्याला रेझिन म्हणतो. एकेक मणी म्हणजे लांबच लांब साखळ्यांचा गुंता. त्या साखळ्यांवर जागोजागी ऋण विद्युतभार पक्का चिकटलेला असतो, तो कुठे जात नाही. पण प्रत्येक ऋण भाराला जवळ एक धन भाराचा सोबती लागतो. सुरुवातीला तो सोबती असतो सोडियम, मिठातला. सोडियमचा भार एकच, तो टाऊन बसमध्ये एका हातानं दांडा धरून उभा राहिलेल्या माणसासारखा. खारं पाणी आत आलं की त्यातला कॅल्शियम दोन्ही हातांनी दांडा धरतो आणि सोडियमला उतरावं लागतं. चुना मण्यात अडकतो, पाणी मऊ होऊन बाहेर पडतं.

मणी चुन्यानं भरले की मग मीठ. दाट मिठाचं पाणी आत सोडलं की एकेक सोडियम दुबळा असला तरी गर्दी एवढी होते, की दोन हातांवाल्यालाही धक्के खात उतरावं लागतं. चुना मोरीत जातो, मिठाचं उरलेलं पाणी त्याच्या मागून जातं, आणि मणी पुन्हा कामाला तयार. मीठ पाण्यासाठी नाही, मण्यांसाठी आहे. एवढं एक वाक्य मी किती वेळा बोलले असेन देव जाणे.

मज स्वतःला सगळ्यात आवडायचं ते मण्यांचं फुगणं. साध्या पाण्यात साखळीवरचे सारखे भार एकमेकांना दूर ढकलतात, साखळी ताणते, मणी फुगतो. मिठाच्या पाण्यात भोवती एवढे सोबती जमतात की एका भाराला दुसऱ्याची झळच लागत नाही, मग साखळी अंग आखडून घेते. टाकीच्या काचेच्या खिडकीतून बघितलं तर मण्यांचा थर बोटभर खाली बसलेला दिसतो, आणि मीठ धुऊन काढलं की पुन्हा वर येतो. कुणाला पटलं नाही तर मी त्यांच्याच स्वयंपाकघरातून सब्जा मागायची. एका पेल्यात साधं पाणी, दुसऱ्यात चांगलं मूठभर मीठ. साध्यातला सब्जा टम्म फुगतो, मिठातला कुढत बसतो. सब्जाच्या त्या बुळबुळीतही असल्याच भारित साखळ्या असतात. बायकांना हे लगेच पटायचं, पुरुष म्हणायचे मोटर किती हॉर्सपॉवरची.

एका लॉजच्या मॅनेजरनं ऑनलाइन एक पेनासारखं मीटर मागवलं, पाण्यात बुडवलं की आकडा दाखवणारं. सॉफ्टनरच्या आधीचा आकडा आणि नंतरचा आकडा जवळजवळ सारखाच. झालं, मला बोलावून पाहुण्यांसमोर म्हणाला, की तुम्ही लोकांना टोप्या घालता. मी म्हटलं, साहेब, हे मीटर पाण्यात विरघळलेलं किती ते मोजतं, कोण ते सांगत नाही. चुना गेला आणि त्याच्या जागी सोडियम आला, आकडा तोच राहणार. तुमच्या लॉजमध्ये दहा खोल्या भरलेल्या आहेत एवढं कळलं म्हणून आत कोण उतरलंय ते कळतं का? यावर त्यानं मीटर खिशात घातलं, पण मला वाटतं त्याला दुसराच काही राग आला असावा.

दुसरा एक कॉफी हॉटेलवाला. वाफेच्या बॉयलरसाठी त्यानं सॉफ्टनर घेतला, आणि आपल्या मनानं तीच तोटी डिकॉक्शनच्या, म्हणजे कॉफीचा अर्क काढायच्या, फिल्टरलाही जोडली. चार दिवसांनी फोन. “अक्का, तुमच्या पाण्यानं माझा फिल्टर तुंबला. सकाळची गर्दी उभी आहे आणि थेंब पडत नाही.” मी हसले. पाणी मऊ झालं तर तुंबेल कसं? तुमची पूड बारीक दळली असेल म्हटलं. मग घरी दोन पितळी फिल्टर शेजारी शेजारी लावून बघितलं, आणि काय, मऊ पाण्याचा फिल्टर खरंच रडत रडत गळत होता. कॉफीच्या पुडीला ते सोडियमचं पाणी मानवत नाही, ती फुगून बसते. मी जाऊन त्याची माफी मागितली, डिकॉक्शनला नळाचं पाणी जोडून दिलं, आणि ठरवलं की यापुढे गिऱ्हाईक सांगेल ते आधी खरं धरायचं. ठरवलं खरं.

आता जे सांगायचंय ते संतानम अय्यांचं. त्रिभुवनम् रस्त्याला त्यांचं रेशीम रंगवायचं काम. तांब्याचे दोन मोठे हंडे, वर आडव्या काठ्यांना टांगलेल्या रेशमाच्या लडी, आणि हंड्यापाशी उघड्या अंगानं उभे सत्तरीतले अय्या. विणकर त्यांच्याकडे यायचे ते एका रंगासाठी, अरक्कु म्हणून. लाखेचा गडद लाल, नवरीच्या साडीचा. माप नाही, कागद नाही, सगळं हातात.

मला बोलावलं तेव्हा त्यांचा मुलगा मुरळी एकटाच बोलला. नदीकाठचं पाणी आता वर्षभर पुरत नाही म्हणून बोअर घेतली, आणि तेव्हापासून लडी कुठे गडद, कुठे फिक्या, हाताला खरखरीत. विणकर म्हणायला लागले, की अय्यांचा हात गेला. मी बाटलीत पाणी घेतलं, औषधाचे थेंब टाकले, चिमूटभर काळी पूड टाकली. पाणी द्राक्षाच्या दारूसारखं लाल झालं. लाल म्हणजे चुना, निळं म्हणजे मऊ. मी म्हटलं, अय्या, हाताला काही झालेलं नाही. रेशमावरचा डिंक काढायला तुम्ही साबणात उकळता ना, तो साबण या चुन्यानं फाटतो, आणि ते फाटलेलं रेशमाला चिकटून बसतं. त्याच्यावर रंग कसा चढेल? अय्यांनी तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

सॉफ्टनर बसवला त्या दिवशी मी सब्जाचे दोन पेले केले. अय्यांना ते समजावून सांगावंच लागलं नाही. म्हणाले, “रेशीमही असंच असतं अम्मा. हंड्यात थोडं आंबट पाणी ओतलं की रंगाला जवळ घेतं. एकदम ओतलं की आशाळभूतासारखं एकाच जागी सगळा रंग खातं. हळूहळू ओतायचं.” मी कॉलेजात जे तीन वर्षं घोकलं, की आम्लात रेशमाच्या साखळीवर धन भार येतो आणि ऋण भाराचा रंग तिथे बसतो, ते या माणसाला मनगटातून ठाऊक होतं. मला इतका आनंद झाला की जेवायला थांबले.

अय्यांची बायको कमलम्मा. पिंपात मीठ घालायचं काम तिनं आपणहून घेतलं, मुरळीवर तिचा भरवसा नव्हता. तिनं मला विचारलं, “एवढं मीठ घालायचं, त्यातलं काही पाण्यात राहतं का हो?” खोटं कशाला बोलू? मी म्हटलं, थोडं राहतं. मिठातला अर्धा भाग, सोडियम, चुन्याच्या बदल्यात पाण्यात येतोच. म्हणून हे पाणी सांबाराला, प्यायला नको, नळाचं घ्या. तिनं मान हलवली.

दीड वर्ष सगळं छान चाललं. अरक्कु पुन्हा अरक्कु झाला, विणकर परत आले. मग मुरळीचा फोन, की पुन्हा डाग. मी दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला हजर. तोटी सोडली, बाटली भरली, थेंब, पूड. पाणी निळंशार. दुसऱ्यांदा केलं, निळंच. पिंपात मीठ होतं. अय्या हंड्यापाशी उभे राहून सांगत होते, “अम्मा, दुपारी पाणी हाताला वेगळं लागतं. सकाळी नाही लागत.” मी घाईत होते, चोळपुरम्‌च्या गिरणीत बॉयलर अडला होता. मी म्हटलं, अय्या, यंत्राला सकाळ-दुपार कळत नाही. पाणी उत्तम आहे. आणि रिपोर्टवर तसं लिहून, मुरळीची सही घेऊन निघाले.

पाणी उत्तम आहे. म्हणजे मग खराब काय, याचं उत्तर त्या अंगणात एकच उरत होतं, आणि ते मला स्कूटरवर बसतानाही सुचलं नाही. याचा मला अजून राग येतो, दुसऱ्या कुणाचा नाही, माझाच.

चार महिन्यांनी भाचीच्या साखरपुड्याचं आमंत्रण द्यायला मी त्यांच्याकडे गेले. मुद्दाम दुपारी गेले, म्हणजे कामाचा खोळंबा नको. हंड्यापाशी मुरळी होता. अय्या ओसरीवर खुर्चीत, अंगात पांढरा शर्ट. त्या माणसाला मी शर्टात कधी बघितलं नव्हतं. मी विचारलं, बरं नाही का? मुरळी हळूच म्हणाला, “अप्पांनी हंडा सोडला. त्या दिवशी तुम्ही गेलात ना, त्यानंतर त्यांनी काठी माझ्या हातात दिली. मला काही जमत नाही अक्का. डाग माझ्या हातूनही पडतात. विणकर म्हणतात, बापाचा हात गेला, पोराला आलाच नाही.”

कमलम्मानं पान वाढलं. मी हात धुवायला मागच्या मोरीत गेले, तोटीखाली हात धरून साबण लावला. फेस येईना. हातावर पांढरं दह्यासारखं फाटत होतं. एकतीस वर्षं त्या एका गोष्टीवर जेवलेली बाई मी, लगेच ओळखलं. ही सॉफ्टनरची तोटी होती. तशीच ओल्या हातांनी धावत स्कूटरपाशी गेले, डिकीतून बाटली काढली. थेंब, पूड. लाल.

आता डोकं चालायला लागलं. सकाळी निळं, दुपारी लाल. म्हणजे मणी रात्री अर्धेच साफ होत होते. रात्री यंत्र आपोआप मीठ घेतं, सकाळी कामाला लागतं, पण पोटात मीठ अर्धंच गेलं तर बारा वाजताच दमतं. सकाळी रेशीम साबणात उकळायचे तेव्हा पाणी मऊ. दुपारी तो साबण धुऊन काढायचे तेव्हा पाण्यात चुना, आणि साबण तिथल्या तिथे रेशमावर फाटत होता. मी परीक्षा घेतली ती सकाळी नऊला. अय्यांनी मला शब्दाशब्दांत सांगितलं होतं, दुपारी, आणि मी त्यांना यंत्राचं शहाणपण शिकवून गेले होते.

मी पिंपाचं झाकण उघडलं. मागे कमलम्मा येऊन उभी होती. तिनं माझा हात धरला.

“अक्का, मी अर्धंच घालते,” ती म्हणाली. “मध्यंतरी डॉक्टरांनी यांना मीठ बंद केलं, प्रेशर वाढलंय, तेव्हापासून. तुम्हीच म्हणालात ना, मीठ पाण्यात राहतं म्हणून. हे दिवसभर कोपरापर्यंत त्या पाण्यात असायचे. मला वाटलं अंगात भिनेल. सकाळी बघितलं तर पाणी चांगलंच असायचं, साबणाला फेस यायचा. म्हणजे अर्धं पुरतंय असं मला वाटलं.” मग म्हणाली, “त्यांना सांगू नका.”

त्वचेतून असं मीठ शिरत नाही, हे मी तिला कधी सांगितलंच नव्हतं. तिनं विचारलं तेवढ्याचं उत्तर दिलं आणि शास्त्राची लाज राखली. मी म्हटलं, नाही सांगत, आणि ओसरीवर गेले.

“अय्या, चूक माझी,” मी म्हटलं. “पाणी दुपारी खराब होत होतं. तुम्ही सांगितलंत, मी ऐकलं नाही. सकाळी तपासून गेले.”

अय्यांनी हातातला पेला खाली ठेवला. एकदम आवाज चढवून म्हणाले, “चार महिने. अम्मा, चार महिने मी माझेच हात बघत बसलोय इथे.” मी मान खाली घातली. त्यांचं बरोबर होतं. थोड्या वेळानं त्यांचा आवाज उतरला. “पण आधी दीड वर्ष दुपारीही नीट होतं. मग बिघडलं कशानं?”

रंगाऱ्याला फसवणं सोपं नसतं. पण मी कमलम्माला शब्द दिला होता. कमलम्मा दारात होती. पदराचं टोक पिळत तिनं स्वतःच सांगितलं, सगळं, डॉक्टरपासून कोपरापर्यंत. मुरळी काहीतरी बोलायला गेला, अय्यांनी हात वर करून त्याला थांबवलं.

ते बायकोकडे बघत राहिले. मला वाटलं आता फुटणार हा माणूस. आणि ते म्हणाले, “म्हणजे त्या यंत्राला तू अर्धं तरी देत होतीस. माझ्या सांबारात तेवढंही नाही.”

कमलम्मा हसली आणि हसता हसता रडायला लागली. मुरळीनं उठून पिंपात पोतंभर मीठ ओतलं. मी यंत्र हातानं फिरवून मीठ आत घेतलं, मणी धुतले, आणि पुन्हा बाटली भरून अय्यांच्या डोळ्यांसमोर धरली. निळं. त्यांनी बाटलीकडे धड बघितलंही नाही.

“मागच्या वेळी तुम्ही लिहून दिलं होतं ना, पाणी उत्तम म्हणून?” ते म्हणाले. “आता हे लिहून द्या.”

मी डिकीतून रिपोर्टचं पुस्तक आणलं. त्यात पाण्याला रकाना आहे, मिठाला आहे, मोटारीला आहे. माणसाला नाही. मी खालच्या मोकळ्या जागेत तमिळमध्ये लिहिलं, पाणी दुपारी खारं येत होतं, तपासणीत चूक झाली, ती माझी. आणि त्याच्याखाली लिहिलं, संतानम अय्यांचा हात बरोबर आहे. सही केली, शिक्का मारला. आमच्या मुदलाळींनी, म्हणजे मालकांनी, त्यावरून नंतर मला बरंच ऐकवलं, की आपण यंत्रांची हमी देतो, हातांची नाही. ऐकून घेतलं.

अय्यांनी चष्मा मागवला. कागद उजेडात धरून सावकाश वाचला, मग पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचला. मुलाच्या हातात दिला नाही, बायकोच्याही नाही. घडी करून कमरेच्या वेष्टीत खोचला, शर्ट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला, आणि मुरळीला म्हणाले, “पाणी तापत ठेव.”